धुतलेला फ्लेक्स

त्या रविवारी दुपारी काशिफ झोपला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पावणेदोन वर्षांच्या काशिफला झोपवायचं काम सबिनानं नवऱ्याकडं दिलं होतं, आणि अझीमकडं दिलेल्या कामाचं काय होतं हे अख्ख्या कोल्हापूरला माहीत होतं. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज यायला लागला आणि पाठोपाठ काशिफ चालत बाहेर आला. त्याच्या तोंडात बापाची शिट्टी होती.

अझीम मुल्लाणी फुटबॉलचा कोच होता. म्हणजे मे महिन्यापर्यंत होता. खेळत होता तेव्हा पेठेनं त्याला खांद्यावर घेऊन नाचवला होता. बॉल त्याच्या पायाशी आला की स्टेडियममधले शेंगदाणेवालेसुद्धा थांबून बघत, असं म्हणणारी माणसं अजून आहेत. कोच झाल्यावर मात्र सगळं उलटं झालं. निंबकट्टा तालमीनं आपल्या फुटबॉल टीमसाठी त्याला घेतलं, टीम तळाला गेली, त्याला काढलं. मग जुना हौद तालमीनं घेतलं, टीम तळाला गेली, काढलं. मग पुन्हा निंबकट्टा. गेल्या हंगामात पुन्हा जुना हौद. ज्यांनी काढला तेच एखाददुसरं वर्ष गेलं की हार घेऊन जिना चढायचे आणि म्हणायचे, "यंदा कायतरी नवीन करायचं हाय, अझीमभाई." दर वर्षी टीम शेवटच्या दहा मिनिटांत गोल खायची आणि दर वर्षी अझीम घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचा, "पोरं चांगली हायत. नशीब न्हाय."

असाच दुसरा फिरता कोच म्हणजे श्रीपाल सर. अझीमला जिथून काढत तिथं श्रीपाल सर जात, आणि त्यांना काढलं की तिथं अझीम. मधल्या काळात दोघं चहाच्या गाड्यावर भेटत. खोली सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूला नळाला पाणी कधी येतं ते सांगतो, तसं कुठल्या पोराचा गुडघा दुखतो आणि कोण शिव्या दिल्याशिवाय पळत नाही, ते एकमेकांना सांगत.

या सगळ्यातून सबिनाच्या संसाराला मिळालं काय, तर फ्लेक्स. निवड झाली की चौकात भला मोठा फ्लेक्स लागायचा. मधोमध फेटा बांधलेला अझीम, खाली पदाधिकाऱ्यांचे गोल फोटो. त्याला काढला की तो फ्लेक्स कुणालाच नको असायचा. मग कुणीतरी गुंडाळून त्यांच्या जिन्यात टाकून जायचं. सबिनानं एक मोटारसायकलवर घातला होता, एक वॉशिंग मशीनवर, आणि एकावर दर उन्हाळ्यात ती सांडगे वाळवायची. हाराची फुलं दुसऱ्या दिवशी माना टाकत. नवऱ्याचा चेहरा मात्र ऊन-पाऊस खाऊनही तसाच हसत असायचा.

यंदा हे सगळं संपणार होतं. कागलजवळच्या एका निवासी शाळेत अझीमला क्रीडाशिक्षकाची नोकरी लागली होती. दिवाळीची सुट्टी संपली की पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. शाळेच्या आवारातच राहायला दोन खोल्या. मॅच हरली की जिन्यात उभी राहून सबिनाकडंच रोखून बघणारी पोरं नाहीत. संध्याकाळी नवरा घरी, आणि जमलं तर तिची थोडी झोप. काशिफ जन्मल्यापासून सबिना सलग अशी झोपली नव्हती. ती उभ्यानं भाकरी थापायची आणि उभ्यानंच डुलक्या घ्यायची. अझीमकडून तिनं शब्द घेतला होता. "पुन्हा तालमीचं नाव घेणार न्हाय," पोराच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला होता. असा शब्द त्यानं याआधीही दिला होता, पण तेव्हा हात ठेवायला काशिफ नव्हता.

उद्या सकाळी टेम्पो येणार होता आणि सामानावर झाकायला काहीतरी हवं होतं. गेल्या वर्षीचा जुना हौदचा फ्लेक्स सगळ्यात मोठा आणि दणकट होता, पण माळ्यावर राहून त्यावर कबुतरांनी आपलं काम केलं होतं. सबिनानं तो मोरीत पसरला, साबण लावून घासला आणि गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकला. चेहरा घराकडं, पांढरी बाजू गल्लीकडं. अक्कल तिला होती.

पण शिट्टी घेऊन बाहेर आलेल्या काशिफनं गॅलरीत आपल्याहून मोठा बाप बघितला. "अब्बा," तो म्हणाला. मग फ्लेक्सला धरून ओढायला लागला. तिनं उचलून आत नेलं, तो पुन्हा आला. "अब्बा, अब्बा." तिसऱ्यांदा त्याला आत नेताना सबिनाचे डोळे मिटत होते. तिनं फ्लेक्स उचलला आणि उलटा टाकला. आता बाप गल्लीकडं आणि पांढरी बाजू घराकडं. काशिफला बघायला काही उरलं नाही. तो तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, आणि भिंतीला टेकून तीही.

तिला जाग आली ती खालच्या घरमालकीण राजमती आक्कांच्या हाकेनं.

"सबिना, पेढं कुठायत गं?"

"कसलं पेढं, आक्का?"

"आता कसलं म्हणून मलाच इचार. पेठेतनं सगळी वर बघत चाललीत." आक्का जिन्यात आल्या आणि त्यांनी मोबाइल पुढं धरला. पेठेच्या ग्रुपवर आलेला सबिनाच्याच गॅलरीचा फोटो होता. त्यात धुऊन लख्ख झालेला अझीम उन्हात चमकत होता, आणि अक्षरं तर चौकात होती त्यापेक्षाही ठळक दिसत होती: यंदाच्या हंगामासाठी जुना हौद तालीम मंडळाच्या प्रशिक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, "ठरलं. पुन्हा अझीमभाई."

"अवो, हे गेल्या वर्षीचं हाय."

"यंदाच्या हंगामासाठी म्हणून लिवलंय की."

"तवाचं यंदा, आक्का. आम्ही उद्या कागलला चाललोय, तुमाला ठावं हाय की."

"मला ठावं असून काय उपेग," आक्का शांतपणे म्हणाल्या. "मी काय ग्रुपात बोलत न्हाई. मी नुसती बघत असती."

सबिना फ्लेक्स काढायला वळली तोवर जिन्यात चपलांचा आवाज झाला. निंबकट्ट्याचा सेक्रेटरी आदर्श होता, बरोबर आणखी दोघं. तिघांचेही चेहरे घरात काहीतरी वाईट घडल्यासारखे होते.

"भाभी, अझीमभाई हायत?"

"झोपलेत."

"झोप लागणारच. ठरलं न्हवं त्यांचं." आदर्श दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "जुना हौदानं नेलं, आमाला एका शब्दानं कळवलं न्हाई. आमी काय परकं हाय?"

"कुणी नेलेलं न्हाई. फ्लेक्स जुना हाय."

"जुना? एवढा चकचकीत?"

"धुतलाय मी."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मागच्यानं तोंडावर हात ठेवला.

"भाभी," आदर्श समजुतीनं म्हणाला, "सांगायचं नसंल तर नगा सांगू. पण फ्लेक्स कोण धुतं व्हय?"

सबिनानं वाटलं तर साबण दाखवला असता.

"बरं, समजा गेले ते जुना हौदाकडं," ती म्हणाली. "तुमचं काय बिघडलं? तुमच्याकडं होते तवा तुमचा कितवा नंबर आलता?"

"शेवटून पहिला."

"मग?"

"मग काय मग. त्यांना आमचं एक न् एक पोरगं माहिती हाय. कोण कुठं दमतं, कोण कुठं चुकतं. ते सगळं जुना हौदाकडं गेलं तर आमी काय करायचं? त्यापेक्षा आमच्याकडंच असलेलं बरं. आणि एवढी वर्षं झाली, अनुभव काय कमी हाय का त्यांचा?"

"कसला अनुभव? हरायचा?"

"तो बी लागतो, भाभी," आदर्श गंभीरपणे म्हणाला.

आतला घोरण्याचा आवाज थांबला होता. सबिनाच्या ते उशिरा लक्षात आलं. अझीम दारात उभा होता, गालावर उशीचे वळ, बनियन उलटं. त्यानं आदर्शकडं बघितलं, गॅलरीतल्या आपल्याच फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. मे महिन्यापासून तो चेहरा तिनं बघितला नव्हता.

"सबिना," तो म्हणाला, "चहा टाक की."

हे शब्द तिला पाठ होते. प्रत्येक हंगाम असाच सुरू झाला होता. दारात हार घेऊन माणसं आली की अझीम हो म्हणायचा नाही आणि नाही म्हणायचा नाही. तो "चहा टाक" म्हणायचा. कपबश्या धुऊन व्हायच्या आत तो कोच झालेला असायचा.

"दूध नासलंय," सबिना म्हणाली.

तेवढ्यात खालून मोटारसायकलींचा आवाज आला आणि जुना हौदचे अध्यक्ष बाळासो पायऱ्या दणाणत वर आले. ते रागानं लाल झाले होते.

"अझीम, कुणाला इचारून लावलं हे? मी अध्यक्ष हाय का कोण? माझ्या मागं कुणी ठरवलं, खजिनदारानं का?" आणि मग त्यांना आदर्श दिसला. बाळासोंचा राग होता तेवढाच राहिला, फक्त तोंड फिरवून दुसरीकडं गेला. "आणि ही कशाला आलीत हितं? आमचा कोच न्यायला?"

"तुमचा?" आदर्श म्हणाला. "मे महिन्यात तुमीच काढलाय की. सगळ्या पेठेदेखत."

"काढला न्हवता. इश्रांती दिलती."

"दादा, तुमी त्यांच्या हातातली तालमीची किल्ली काढून घेतलासा. मी हुतो तितं."

"किल्ली बदलायची हुती," बाळासो म्हणाले. ते मटकन खुर्चीत बसले आणि सांगून टाकलं, "अझीम, यंदा तूच. ह्यांनी न्यायच्या आत सांगतो. न्हाईतर हंगामभर आमच्या इरुद्ध उभा ऱ्हाशील, आणि हरलो तर लोक म्हणतील, घरचा माणूस घालवला."

"हरलो तर म्हणतील," आदर्श म्हणाला. "मंजी जिंकायचं तुमी धरलेलंच न्हाई."

सबिनानं शेवटचा उपाय केला. गॅलरीत जाऊन तिनं फ्लेक्स ओढून घेतला आणि घडी करून पलंगाखाली सारला. तिला वाटलं, मूळच उपटलं की झालं. पण गल्लीत जमलेल्या माणसांनी तेही बघितलं. दहा मिनिटांत आक्का पुन्हा मोबाइल घेऊन वर आल्या. "फ्लेक्स उतरिवला, म्हंजे निंबकट्ट्यानं पळविला असं लिवलंय. जुना हौदाची पोरं निघालीत." त्या वाचून दाखवत होत्या तोवर पोरं आलीसुद्धा. जिना भरला, मग आक्कांचं अंगण भरलं. कुणीतरी फेटा घेऊन आलं. निंबकट्ट्याच्या माणसानं ते बघून फोन लावला आणि तिकडूनही फेटा निघाला. गोंगाटानं काशिफ उठला आणि शिट्टी वाजवायला लागला. प्रत्येक शिट्टीला जिन्यातली काही पोरं सवयीनं थांबत होती आणि पुन्हा भांडत होती.

याच वेळी अझीमचा मोबाइल वाजला. श्रीपाल सर होते. स्पीकर चुकून चालू झाला.

"अझीम, तू जुना हौदाला गेलास म्हणं. मग निंबकट्टा मोकळा हाय का?"

"अजून कायबी ठरलं न्हाय, सर."

"न्हाई, घाई न्हाई माझी. ठरलं की सांग. त्यो गोलकीपर हाय का अजून?"

अझीमनं फोन ठेवला. दोन्ही बाजूंची माणसं त्याच्याकडं बघत होती. इतक्या माणसांनी त्याच्या तोंडाकडं बघावं असं कधी काळी रोज व्हायचं. त्यानं बनियन खाली ओढलं, एकदा काशिफकडं बघितलं, एकदा सबिनाकडं.

"सबिना म्हणंल तसं," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत डाव उधळायची पाळी आली की त्यानं बॉल नेमका असाच दुसऱ्याच्या पायात दिला होता. सगळे आता सबिनाकडं वळले. कडेवर पोर, केसांना साबण लागलेला, पाठ दुखत होती. तिला ओरडायचंही बळ नव्हतं. तिनं साध्या आवाजात विचारलं.

"बाळासोदादा, हे आदर्शभाऊ आज आलं नसतं तर तुमी आला असता ह्यांना बोलवायला?"

बाळासोंनी खिशातला रुमाल काढून मान पुसली.

"आणि आदर्शभाऊ, जुना हौदाचा फ्लेक्स दिसला नसता तर तुमी?"

आदर्श पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला. खाली आक्कांच्या कुकरची शिट्टी झाली तेवढीच.

प्रश्न अगदी बरोबर लागू पडला. माणसं एकेक करून चपला शोधायला लागली. फेटेवाल्यानं फेटा पिशवीत घातला. बाळासो उठताना म्हणाले, "बघू, कळवितो," आणि कुणाकडंच न बघता उतरून गेले. सबिना जिंकली होती. मग तिनं मागं वळून बघितलं.

अझीम पलंगाच्या कडेवर बसला होता. तो चेहरा, मघाशी उजळलेला, कुणीतरी बटण दाबून बंद करावा तसा झाला होता. प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्याच्यादेखत विचारायचा नव्हता, हे तिला तेव्हा कळलं. उत्तर त्यालाही आधीच माहीत होतं. फक्त ते कुणी अजून त्याच्यासमोर मोठ्यानं वाचलं नव्हतं.

संध्याकाळभर तो भांडी पोत्यात भरत राहिला. काशिफच्या डब्याला दुसऱ्याच डब्याचं झाकण लावत बसला, आणि ते बसेना तरी लावतच राहिला. "अहो," ती एकदा म्हणाली. "मी तसं म्हणून न्हवते म्हणाले."

"बरोबर बोललीस," तो म्हणाला. "उद्या लवकर निघाय पायजे."

सकाळी ज्ञानूचा टेम्पो आला. सबिनानं स्वतः उभी राहून सामानावर फ्लेक्स टाकून घेतला, चेहरा आत, पांढरी बाजू वर, आणि ज्ञानूला दोरी दोनदा आवळायला लावली. आक्कांनी काशिफच्या हातात लाडू दिला आणि पदरानं डोळे पुसले. चौक ओलांडताना अझीमचा मोबाइल वाजला. श्रीपाल सरांना दोन्ही तालमींनी बोलावलं होतं आणि काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. "निंबकट्ट्याचा गोलकीपर डावीकडं पडत न्हाय," अझीम त्यांना म्हणाला. "एवढं ध्यानात ठेवा, सर." मग हायवे लागेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. काशिफ त्याच्या मांडीवर जागा होता.

शाळेच्या फाटकाशी उतरल्यावर ज्ञानू म्हणाला, "वहिनी, मागनं सारखं हॉर्न वाजत हुतं. मला वाटलं, लोकास्नी घाई हाय."

सबिना मागं गेली. हायवेच्या वाऱ्यानं दोरी एका बाजूनं सैल केली होती आणि फ्लेक्स पलटला होता. कोल्हापूरपासून कागलपर्यंत फेटा बांधलेला अझीम मागच्या प्रत्येक गाडीकडं बघून हसत आला होता. तिनं घाईघाईनं तो ओढला आणि गुंडाळून दाराआड उभा केला.

भांडी अजून पोत्यातच होती तेवढ्यात दार वाजलं. दोन माणसं होती. एकाच्या पायाला चिखल होता, दुसऱ्याच्या काखेत हवा गेलेला बॉल.

"पावणं, तुमीच न्हवं त्या टेम्पोवरलं?" पहिला म्हणाला. "आमचं हितं मंडळ हाय. टीम बी हाय. शिकवायला कोण न्हाय."

अझीमनं सबिनाकडं न बघता मान हलवली. "सोडलंय मी ते. शब्द दिलाय घरात."

"संध्याकाळचं तासभर आला तरी चालतंय की. शाळंमागंच मैदान हाय."

"माझ्या टीमा हरत्यात ओ," अझीम म्हणाला. असं तो आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होता. पोरं चांगली आहेत असंही तो म्हणाला नाही, आणि नशिबाचं नावही काढलं नाही.

"ते ऐकलंय आमी. फाट्यावर एकानं सांगितलं. आमी तर कवाच जिंकलेलो न्हाय, पावणं. तुमाला आमचं कायबी वाटायचं न्हाय आणि आमाला तुमचं."

सबिना दाराशी आली. "दुसरं कुठलं मंडळ ह्यांना न्यायला बसलंय, म्हणून आलाय का तुमी?"

माणसं गोंधळली. "दुसरं कुठलं? हितं आमीच एकटं हाय, वहिनी. हॉर्न मारून मारून हात दुखला, तरी तुमचा टेम्पो थांबंना. मग मागं मागं आलो."

अझीम जमिनीकडं बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लग्नाच्या आधी, मॅच संपल्यावर सबिना कठड्याशी उभी असायची तेव्हा त्या अशाच लाल व्हायच्या. तिनं काशिफला त्याच्या हातात दिलं.

"ह्याला झोपवा तवर," ती म्हणाली. "मी चहा टाकते."

अझीमनं एकदम वर बघितलं. पण ती पोत्यातून पातेलं शोधायला वळली होती. तो काशिफला घेऊन आतल्या खोलीत गेला. माणसं भिंतीला टेकून बसली आणि एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. आल्याचा वास सुटला. चहाला उकळी येते न येते तोवर आतून घोरण्याचा आवाज यायला लागला.

मग दार ढकलून काशिफ चालत बाहेर आला. तोंडात शिट्टी होती. त्यानं दोघांकडं नीट बघून घेतलं आणि ती वाजवली.

"वहिनी," बॉलवाल्यानं आतल्या दाराकडं बघत विचारलं, "पोराला झोपवायला गेलते न्हवं ते?"

"व्हय," सबिना म्हणाली आणि कप भरायला घेतले. "रोज तेच झोपवतात. अनुभव लई हाय त्यांचा."